गाव पाच किलोमीटर जवळ कसं आलं

आमच्या कार्यालयाच्या गाडीचे चारही टायर झिजले होते आणि ते बदलणं आवश्यक होतं. एवढंच घडलं होतं. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात इतक्या साध्या, निरुपद्रवी आणि नियमाला धरून असलेल्या गोष्टीने झाली, हे मी आधीच नोंदवून ठेवतो. कारण उद्या चौकशी लागलीच तर पहिला प्रश्न मलाच विचारतील. वाहन शाखेचा कनिष्ठ लिपिक मी आहे. वरिष्ठ लिपिकाची खुर्ची सहा वर्षं रिकामी आहे, आणि ती मला मिळेल या आशेवर मी सहा वर्षं कुणालाच 'नाही' म्हटलेलं नाही.

गाडी आरोग्य कार्यालयाची. चारही चाकांना जोर देणारी, दगडधोंड्यांतून जाणारी, दणकट. दर मंगळवारी ती डॉक्टर, औषधं आणि बर्फाच्या पेटीतल्या लशी घेऊन डोंगरावरच्या गावी जायची. तिथे दोन खोल्यांचं उपकेंद्र आहे आणि ते माझी थोरली बहीण चालवते. ती तिथली नर्स. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणतं, मी ताई म्हणतो आणि ती मला, सेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या, दोन मुलांच्या बापाला 'छोट्या' म्हणते.

ते गाव आमच्या फाटकापासून बेचाळीस किलोमीटर. आता नियम असा, की चाळीस किलोमीटरच्या पुढचं गाव ते 'दुर्गम'. दुर्गम गावाला उपकेंद्र, नर्स आणि मंगळवारची गाडी. चाळीसच्या आतल्या गावाने आपल्या पायाने खाली यायचं. नियम सुटसुटीत आहे, माझ्या पूर्वीच्या कुणा लिपिकाने केला असावा.

तर टायर. मी मागणीपत्रात जुन्याच मापाचे टायर लिहिले होते. पण त्याच रविवारी मोठ्या साहेबांचे जावई सासुरवाडीला आले. जावयांकडेही अशीच गाडी, पण तिचे टायर एवढे मोठे, की गाडी टाचा उंचावून कुणाच्या तरी भिंतीपलीकडे बघते आहे असं वाटावं. ती गाडी कधी मातीत उतरली होती की नाही ठाऊक नाही. टायर आंघोळ करून आल्यासारखे स्वच्छ होते. साहेब तिच्याभोवती दोनदा फिरले म्हणे. सोमवारी त्यांनी माझ्या मागणीपत्रावरचं माप खोडलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने मोठं माप लिहिलं.

"रुबाब पाहिजे हो," ते म्हणाले. "खात्याची गाडी आली की लोकांना कळलं पाहिजे."

"आवाजाने कळतं साहेब," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी मागणीपत्र टंकून घेतलं.

टायर आले. ते आत घासायला लागले म्हणून मडगार्ड कापले. गाडी इतकी उंच झाली, की आमच्या बुटक्या, गोलमटोल डॉक्टरांना आत चढता येईना, म्हणून अभिलेख शाखेतलं लाकडी स्टूल कायमचं गाडीला जोडून देण्यात आलं. आता वरच्या फडताळातल्या फायली कुणाच्याच हाताला लागत नाहीत. यामुळे अभिलेख शाखेचं काम निम्म्याने हलकं झालं, हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव निखळ फायदा म्हणावा लागेल.

मंगळवारी गाडी निघाली आणि तिसऱ्या वळणाच्या चढावर उभी राहिली. ड्रायव्हरकाका सव्वीस वर्षं तो रस्ता चालवतायत. त्यांनी पहिला गियर टाकला, इंजिन रेटलं, क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी दोन हात मागे सरकली. शेवटी घाटात वापरायचा तो छोटा दांडा ओढून, गोगलगायीच्या चालीने ते साडेचार तासांनी वर पोहोचले. बर्फाचं पाणी झालं होतं आणि लशी फेकून द्याव्या लागल्या.

ताईचा फोन आला. वर नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळतं. त्यामुळे ती फोन करते तेव्हा आधी पाच मिनिटं धापा टाकते आणि मग झापते.

"छोट्या, मला कोमट पाण्यात लशी पाठवतोस होय रे?"

"ताई, टायर नवीन आहेत. रुळतील हळूहळू."

"टायर काय नवी सून आहेत का रुळायला? शिंप्याची आई आज इंजेक्शनसाठी दोन तास ओट्यावर बसून होती. तिला मी काय सांगू, गाडी सजायला गेलीय?"

शिंप्याच्या आईचं वय ऐंशी. तिचं औषध थंडच ठेवावं लागतं आणि उपकेंद्रातला फ्रिज निम्मा आठवडा वीज नसते म्हणून नुसतं कपाट असतं. त्यामुळे मंगळवारची पेटी म्हणजे तिचा आठवडा. हे मला माहीत होतं. मी ताईला म्हणालो, बघतो. 'बघतो' हा आमच्या कार्यालयातला सर्वांत मजबूत शब्द आहे, त्याच्यावर आजवर काहीही उभं राहिलेलं नाही.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री हा तुटक बोलणारा माणूस. तो गाडीखाली गेला, बाहेर आला, हात पुसले.

"टायर मोठे केलेत."

"ते दिसतंय."

"सायकलचं मागचं चाक वाढवलं आणि पायडल तेच ठेवलं, तर चढावर मांड्या भरून येणार की नाही? तसं झालंय. इंजिन तेच, दात तेच, चाक थोरलं. बिचारी ओढणार किती?"

"उपाय?"

"जुन्या मापाचे टायर लावा."

"ते माप साहेबांच्या हाताने लिहिलेलं आहे."

मिस्त्रीने मान हलवली. असले आजार त्याने पाहिले होते. "मग पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमधले दातेरी गियर बदला. क्राऊन-पिनियन. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरेल. जोर परत येईल."

"आणि सुपरचार्जर?" मी विचारलं. सकाळी साहेबांनी बोलावलेल्या सल्लागारांच्या तोंडून तो शब्द ऐकला होता.

"इंजिनवर बसवायचा हवेचा पंप. इंजिनच्या नरड्यात हवा कोंबायची, म्हणजे ते जादा दाणा खाऊन जादा ताकद लावतं. लागेल ना ताकद. पण माणसाच्या पाठीवर तुम्ही पोतं मोठं दिलंय, आणि आता म्हणताय त्याला दूध पाजा. पोतं तेवढंच राहणार की."

मी निघालो, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "आणि मीटर बघितलंत का? ते खोटं बोलतंय."

मी मीटर बघितलं. वरच्या गावापर्यंतचं अंतर सदतीस किलोमीटर.

"त्याला काय ठाऊक टायर बदललेत," मिस्त्री म्हणाला. "गियरबॉक्समधून निघालेला दांडा किती फिरला तेवढं ते मोजतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पुढे जातं, म्हणून दांडा कमी फिरतो. मीटर आपलं जुन्या हिशेबाने सांगतं, सदतीस."

"आणि दात बदलले तर?"

"दांडा पहिल्याइतकाच फिरेल. गाडी चढेल आणि मीटर खरं बोलेल."

"सुपरचार्जर लावला तर?"

"चढेल. खोटं बोलत बोलत चढेल."

आता मी भित्रा माणूस नाही. मी कायम सेवेत आहे, एवढंच. तरी त्या दिवशी मी धीर करून साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, की मीटर चुकतंय, गाव बेचाळीसवरच आहे, माझ्या फोनमधल्या नकाशातही बेचाळीसच दाखवतंय.

"फोन कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माझा."

"म्हणजे खासगी. मीटर सरकारी आहे. सरकारी मीटर खोटं आणि खासगी फोन खरा, असं लेखी देता का?"

मी लेखी दिलं नाही. लॉगबुकात ड्रायव्हरकाकांनी जे दिसलं ते लिहिलं होतं, सदतीस. प्रामाणिक माणूस. त्याखाली मी 'तपासले' असं लिहून सही केली.

रस्त्याकडेच्या दगडांचा प्रश्न मात्र उभा राहिला. गावाच्या वेशीवरच्या दगडावर ढळढळीत बेचाळीस कोरलेलं होतं. आम्ही रस्ते खात्याला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की सदर दगड फार जुने असून ते लहान टायरांच्या वाहनाने मोजून बसवलेले आहेत, सबब कालबाह्य आहेत. मग आमचीच गाडी पुढे आणि त्यांचा ट्रॅक्टर मागे, असा तांडा निघाला. मीटरचा एकेक किलोमीटर पुरा झाला की गाडी थांबायची आणि तिथे दगड पुरायचे. वरपर्यंत पोहोचले तेव्हा सदतीस दगड लागले आणि पाच उरले. रस्ते खात्याला तीस वर्षं बोगदा काढून गाव जवळ आणता आलं नव्हतं, ते आम्ही चार टायरांत केलं. उरलेले पाच दगड आमच्या अंगणात आहेत. अडतीस नंबरवर मी डबा खातो.

ताईला हे कळलं तेव्हा ती टाकीवर धापासुद्धा टाकत बसली नाही.

"छोट्या, सदतीस म्हणजे दुर्गम नाही. कळतंय का तुला? केंद्र बंद होईल माझं."

"ताई, अजून तसं काही ठरलेलं नाही."

"ठरायच्या आधीच बोलायचं असतं रे! ठरल्यावर काय, रडायचं असतं. मिस्त्री काय म्हणाला? दात बदलले की मीटर सरळ होतं ना? मग दात बदलून घे. तू तिथे बसलायस, तुझ्या हातात टिपणी आहे. आयुष्यात एकदा तरी एक बाजू घे."

मी टिपणी लिहिली. रात्रंदिवस लिहिली म्हणालो तरी चालेल, कारण आठ मसुदे केले. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, की गियर बदलणं हाच योग्य उपाय आहे. दुसऱ्यात 'हाच' गेला. चौथ्यात 'अधिक योग्य वाटतो' आलं. आठव्यात मी लिहिलं, 'दोन्ही पर्यायांचे आपापले गुण असून योग्य तो निर्णय व्हावा.' हे वाक्य मी आजही वाचतो तेव्हा त्यात एकही चूक सापडत नाही.

बैठक भरली. साहेब, सल्लागार, आणि तांत्रिक माहितीसाठी मिस्त्री. मी इतिवृत्ताला. सल्लागार हे तरुण गृहस्थ बाहेरून येतात, त्यांनी आजवर कुठल्याच गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती धरलं जातं. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. सुपरचार्जर चकचकीत होता, त्याच्यावर प्रकाश पडला होता. गियरचं चित्र काळं आणि तेलकट होतं.

"हा बसवला की शीळ घुमते साहेब," सल्लागार म्हणाले. "गाडी निघाली की चौकापर्यंत ऐकू जाते."

"आणि ते दात?" साहेबांनी विचारलं.

"ते आत असतात. तेलात. बसवले काय, नाही काय, बाहेरून कळत नाही."

साहेब चिंतेत पडले. "मग त्याचं उद्घाटन कसं करायचं?"

"झाकण उघडून," मिस्त्री म्हणाला.

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुमचा अनुभव आम्ही मानतो. पण लोकांच्या कामासाठी आपण काही केलं आणि ते लोकांना दिसलंच नाही, तर ती लोकांची फसवणूक नाही का?"

"दात बदलले तर गाडीच्या आयुष्याला बरं," मिस्त्री म्हणाला. "इंजिनावर ताण नाही. आणि मीटर सरळ होतं. वरचं गाव जिथे आहे तिथे परत जातं."

"परत?" सल्लागार दचकले. "म्हणजे आपण पाच किलोमीटरची प्रगती केली, ती मागे घ्यायची? हे वरिष्ठांना कसं समजावणार?"

 साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

माझ्यापुढे पाण्याचा पेला होता. मला म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं, की साहेब, माझी बहीण तिथे आहे, एक ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, तुम्ही कृपा करून दात बदला. मी पेला उचलला आणि पाणी प्यालो. सगळं प्यालो. मग इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली. सर्वानुमते सुपरचार्जर.' मिस्त्रीने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पाणी चांगलं आहे का हो इथलं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुपरचार्जर बसला. फीत कापली. खरं सांगायचं तर पुढचा मंगळवार फार चांगला गेला. गाडी शीळ घालत, गुरकावत, तिसरं वळण हसत हसत चढली. ड्रायव्हरकाका म्हणाले, नुसता पाय टेकवायची खोटी, डॉक्टर मागच्या मागे कलंडतायत. पंचावन्न मिनिटांत वर. बर्फाचा खडा वितळला नव्हता. शिंप्याच्या आईला गारेगार औषध मिळालं. ताईने टाकीवरून फोन केला आणि चक्क हसली. म्हणाली, "बरं झालं रे बाबा, उगाच तुला बोलले." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

तो तिथे दोन दिवस राहिला. गुरुवारी सल्लागारांचा अहवाल आला. अंतर सदतीस किलोमीटर, वेळ पंचावन्न मिनिटं. निष्कर्ष असा, की सदर गाव अंतराने व वेळेने, दोन्ही प्रकारे दुर्गम राहिलेलं नाही. सबब उपकेंद्राची गरज संपली आहे आणि ते संपवणं हे खात्याचं यश आहे. वर त्यांनी एक नवी योजनाच मांडली होती, 'टायरांद्वारे दुर्गमता निर्मूलन'. आणखी दोन इंच मोठे टायर लावले तर जिल्ह्यातली आणखी चार गावं चाळीसच्या आत येतील असं त्यांनी आलेखासह दाखवलं होतं. खूप मोठे लावले, तर सगळीच गावं आमच्या अंगणात आली असती.

आता या अहवालातली एक बारीकशी अडचण मी, हो मीच, निदर्शनास आणली. मी म्हणालो, "साहेब, उपकेंद्र बंद झालं की मंगळवारची गाडीही बंद. म्हणजे पंचावन्न मिनिटं ज्या गाडीने लागतात, ती गाडीच जाणार नाही. मग लोक खाली येणार कसे?"

"चालत," साहेब म्हणाले. "सदतीस किलोमीटर तर आहे."

"त्यांना बेचाळीस चालावं लागेल साहेब. त्यांच्या पायांना मोठे टायर नाहीत."

मला वाटलं, आता सुचलं, फार छान बोललो. सल्लागारांनी लगेच वही काढली. "मुद्दा रास्त आहे," ते म्हणाले. "ग्रामस्थांना मोठ्या मापाचे बूट द्यायला हवेत." आणि तसा प्रस्ताव गेलाही. सहा नंबरवाल्याला नऊ, नऊवाल्याला बारा. सध्या तो मंजुरीत आहे, कारण बारा नंबरच्या माणसाला काय द्यायचं यावर मतभेद आहेत.

आमचं खातं लोकशाहीवादी आहे. कुठलंही केंद्र असंच बंद करत नाहीत. तीस दिवस हरकती मागवतात. आम्ही सूचना काढली, फलकावर लावली, वर्तमानपत्रात आतल्या पानावर छापली आणि खात्याच्या फेसबुक पानावरही टाकली. नुसती अक्षरं कोण वाचणार, म्हणून सल्लागारांनी सूचनेच्या वर गाडीचा फोटो लावला. चढावर वळताना, चार टायर, चिखलाचे शिंतोडे, समोर बॉनेटमधून डोकावणारा सुपरचार्जर. खाली बारीक अक्षरात, 'वाचा' म्हटलं की उघडणारी, उपकेंद्र बंद करण्याची सूचना.

ताईने गावभर फिरून दोनशे अकरा सह्या गोळा केल्या. शिंप्याच्या आईने पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट. हरकतीचं ते पत्र ड्रायव्हरकाकांनी शेवटच्या मंगळवारी खाली आणलं आणि ते माझ्याच टेबलावर आलं. मी नियम उघडला. उपकेंद्राबाबत हरकत घेण्याचा अधिकार 'दुर्गम भागातील रहिवाशांना' आहे. आणि गाव तर आता दुर्गम राहिलेलं नव्हतं.

मी ते पत्र अर्धा तास हातात धरून बसलो. खोटं कशाला बोलू, ड्रॉवरमध्ये वरिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी माझी शिफारस पडली होती, साहेबांच्या सहीची वाट बघत. मी पत्रावर लिहिलं, 'अर्जदार पात्र नसल्याने हरकत विचारात घेता येत नाही.' अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. हरकती, शून्य.

उपकेंद्राला कुलूप लागलं. पुढच्याच आठवड्यात शिंप्याने आणि त्याच्या भावाने आईला खुर्चीला बांधून, खुर्ची खांद्यावर घेऊन खाली आणलं. दीड दिवस लागला. म्हातारी वाचली, थोडक्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी चार तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. शिंपी माझ्या टेबलासमोर उभा राहिला. ओरडला नाही. त्याच्या दोन्ही खांद्यांची कातडी सोलली होती. "सिस्टरचे भाऊ ना तुम्ही?" एवढंच म्हणाला. मला लाज वाटली. मी त्याला स्टूल द्यायला गेलो तर स्टूल गाडीत होतं, आणि गाडी साहेबांच्या नातवाला शाळेतून आणायला गेली होती.

ताईची बदली खालीच झाली, आमच्याच कार्यालयात, अभिलेख शाखेत. इंजेक्शन देणाऱ्या हातांना आता फायली बांधायचं काम आहे. पहिल्या दिवशी ती मुद्दाम बंद केंद्राची फाइल काढून बसली आणि पानन् पान वाचायला लागली. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. तिने चहाकडे बघितलं नाही.

"हे परिशिष्ट काय आहे?" तिने विचारलं.

"कुठलं?"

"'प्रस्तावास लाभलेला जनतेचा पाठिंबा. एकूण चौदाशे बारा.' गावात माणसंच तीनशे आहेत. हे चौदाशे बारा कोण?"

मी सांगितलं. सूचनेवरच्या त्या फोटोला जेवढे लाइक आले, ते सल्लागारांनी नावांसकट छापून फाइलला जोडले होते. हरकती शून्य, पाठिंबा चौदाशे बारा. वरिष्ठांनी त्याच पानावर मंजुरी दिली. इतका भरघोस पाठिंबा खात्याच्या इतिहासात कुठल्याच प्रस्तावाला मिळाला नव्हता.

ताई बोट फिरवत खाली खाली गेली आणि एका ठिकाणी थांबली.

"छोट्या, हा तू आहेस."

"ताई, मी सकाळी उठलो की सगळ्यांनाच लाइक करतो गं. वाचत नाही."

 तिने फक्त त्या नावासमोर पेन्सिलीने बारीक खूण केली आणि पुढचं नाव वाचायला घेतलं. आता तिचा तोच उद्योग आहे. दुपारचं काम संपलं की ती यादी काढते आणि एकेकाचा पत्ता शोधून त्याला स्वतःच्या अक्षरात एक पोस्टकार्ड लिहिते. मजकूर दोनच ओळींचा, की अमुक तारखेला आपण आमचं केंद्र बंद करण्यास पाठिंबा दिलात, तरी आपल्या भागात इंजेक्शनची सोय कुठे आहे ते कळवावं, म्हातारीला घेऊन यायचं आहे. उत्तर अजून कुणाचंच आलेलं नाही.

हे सगळं वाचून तुम्ही मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. घाला. मी त्या लायकीचा आहे आणि आता वरिष्ठ लिपिकही आहे. पण तो फोटो जरा आठवून बघा. चढावरची गाडी, मोठाले टायर, चिखलाचे शिंतोडे. तुम्ही चहा पीत होतात, 'वा, काय गाडी आहे!' असं म्हणालात आणि पुढे सरकलात. यादी आडनावांप्रमाणे लावली आहे, आणि ताई काल संध्याकाळी तुमच्या आडनावाच्या अक्षरापर्यंत आली होती.